मुलाखतींचा अनुभवी माणूस

सोलापुरात नोकरीच्या कुठल्याही मुलाखतीला जा, तो माणूस बाहेरच्या बाकावर आधीच येऊन बसलेला असणार. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, चकचकीत बूट आणि अखंड चालणारं तोंड. त्या दिवशी चादरीच्या कारखान्यात सुपरवायझरच्या जागेसाठी आम्ही ताटकळत होतो, आणि हा कुणी न विचारता सगळ्यांची शिकवणी घेत होता.

"तुमच्यातला एक दोष सांगा, आसं इचारत्यातच की. तवा म्हणायचं, काम पुरं झाल्याबिगर मला जेवण जात न्हाय. सायेब लोक लई खूश हुत्यात बगा."

माझं डोकं सणकलं. "हे सांगून तुम्हाला कुठं लागली हो नोकरी?"

तो जराही ओशाळला नाही. "लागली आसती, तर येवढा अनुभव आला आसता व्हय?"

असल्या रिकामटेकड्यांच्या नादानंच पोरं वाया जातात, असं पुटपुटत मी आत गेलो. साहेबांनी नेमका दोषच विचारला. आणि माझ्या तोंडातून आपसूक निघून गेलं, "काम पुरं झाल्याशिवाय मला जेवण जात नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"ते आजपण बाहेर बसलेत वाटतं?"