फेसाची बाटली

मी आणि बायकोने शेवटचं काम एकत्र केलं ते सुकट निवडायचं. दुसऱ्या पहाटे ती झोपेतच गेली.

परळच्या टॉवरमध्ये ती स्वयंपाक करायची. तिथल्या बाईंनी दिलेली परदेशी, फेसाची पांढरी वाईन आमच्या फळीवर सहा वर्षं होती. कधी श्रावण, कधी गणपती, कधी हिचा गुरुवार. प्यायची राहूनच गेली.

महिन्याभराने बाटली घेऊन डिलाईल रोडच्या वाईन शॉपमध्ये गेलो. म्हटलं, "हिच्यावर जुनं साल आहे. फुकट गेली काय?"

काउंटरवरच्या माणसाने हात शर्टाला पुसले आणि बाटली तान्ह्या पोरासारखी आडवी घेतली.

"काका, ते साल द्राक्षांचं. तिकडे जमीन खडूसारखी, थंडी मरणाची. द्राक्षं झकास पिकली तरच साल छापतात. मुरवतातच हिला."

"म्हणजे थांबलो ते बरोबर?"

"तिकडच्या तळघरात बरोबर. तुमच्या उकाड्यात काय सांगू? मुहूर्त बघत होता काय?"

मला हसावं की त्याला शिवी द्यावी, कळेना. त्याने बाटली फडक्याने पुसून, दोन्ही हातांनी परत दिली.

दुसऱ्या सकाळी मी ती दोन कपांत ओतली. आंबट लागली. खराब झालेली की तशीच असते, कोणाला ठाऊक. दोन्ही कप मीच संपवले.