तिसऱ्यांदा विचारलंच नाही

“छे, नको. माझ्यासाठी कशाला?”

अर्डिस ट्वेट हे वाक्य आयुष्यभर म्हणत आल्या. कॉफी विचारा, केकचा शेवटचा तुकडा विचारा, बर्फात रुतलेली गाडी ओढून काढू का विचारा, उत्तर तेच. मिनेसोटातल्या आमच्या भागात पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा माणूस हावरा ठरतो. दुसऱ्यांदा विचारलं की जरा घुटमळायचं. तिसऱ्यांदा विचारलं की म्हणायचं, “बरं, अर्धाच कप.” आणि मग निवांत दोन कप प्यायचे. आमचे आजे-पणजे नॉर्वेहून येताना पेटाऱ्यात दुसरं फारसं काही घेऊन आले नाहीत, पण ही रीत आणली. मी साठ वर्षं अर्डिसबाईंच्या शेजारच्या शेतावर आहे. त्यांच्या कुठल्या नकारात किती होकार आहे, ते मला आवाजावरून कळतं.

नवरा गेल्यावर त्यांच्या घरात दोन जीव उरले. एक त्या, शहाऐंशीच्या. दुसरा नेल्स, आखूड केसांचा, उंदीर मारणाऱ्या जातीचा लहानसा कुत्रा, एका कानानं बहिरा. नाव दिराचं ठेवलं होतं. “दोघंही पाद्री दिसले की भुंकतात,” असं त्या सांगत.

गेल्या हिवाळ्यात त्या कोठाराच्या पायरीवर घसरल्या आणि खुबा मोडला. दोन तास बर्फात पडून होत्या. नेल्स काही कुणाला बोलवायला धावला नाही. नुसता त्यांच्या पोटाशी येऊन झोपला. त्या म्हणत, तेवढ्या उबेवर मी जगले.

खुबा बसवला, वॉकर हाती आला, आणि मिनियापोलिसला राहणाऱ्या लेकीनं, जनेलनं, जवळच्या गावातलं निवासगृह ठरवलं. स्वतःची खोली, स्वतःची किल्ली, आंघोळीला आणि औषधांना मदतीचं माणूस. वसंत लागता लागता मी त्यांना ती जागा बघायला घेऊन गेलो. तिथल्या व्यवस्थापक ट्रेव्हिनोबाई टेक्सासच्या. येऊन सहा महिने झालेले.

“कुत्रा असलेल्यांसाठी तळमजल्यावर, मागच्या हिरवळीकडे उघडणारी एकच खोली रिकामी आहे,” त्या म्हणाल्या. “तुमच्या कुत्र्याला आणणार का?”

“छे, नको. माझ्यासाठी कशाला?”

“बरं.” त्यांनी कागदावर रेघ मारली. “मग वरची खोली देते. उजेड भरपूर आहे.”

अर्डिसबाई हसऱ्या चेहऱ्यानं थांबल्या. मीही थांबलो. ट्रेव्हिनोबाई जेवणाच्या वेळा सांगू लागल्या.

परत येताना अर्डिसबाई म्हणाल्या, “घाईत होती बिचारी. पुन्हा विचारेल.”

पत्र आलं. वरची खोली, सोमवारी यावं. पाळीव प्राणी: नाही.

“फोन करा ना,” मी म्हणालो.

“आता कसा करू, लायल? मीच नको म्हटलंय.”

जनेलचा फोन आला तेव्हा मी तिथंच होतो. ती इतकी ओरडत होती की मला शब्द न् शब्द ऐकू आला. “आई, तुला नेल्स हवाय की नकोय? एकदाच सांग!”

“मी कुठं काय म्हणतेय?” अर्डिसबाई म्हणाल्या, आणि हवापाण्याचं विचारू लागल्या.

शुक्रवारी त्यांनी मला बोलावलं. टेबलावर नेल्सचं भांडं धुऊन पुसून ठेवलेलं. “याला तू ठेवशील का?”

“छे,” मी म्हणालो, “माझ्याकडे मांजरं आहेत.”

“तुझ्या मांजरांना त्रास नाही द्यायचा तो. ठेवशील?”

“बघू या,” मी म्हणालो. आता तिसऱ्यांदा विचारलं की मला हो म्हणावंच लागणार होतं, आणि कुत्रा माझा होणार होता.

त्या नेल्सकडे बघत राहिल्या. तो एका मागच्या पायानं कान खाजवत होता. घड्याळ चालत होतं. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलंच नाही.

“गाडी काढ,” त्या म्हणाल्या. “तो पण येईल.”

निवासगृहात ट्रेव्हिनोबाईंनी आम्हाला बसवलं. “कॉफी घेणार?”

“छे, नको. माझ्यासाठी...” आणि ट्रेव्हिनोबाई किटली घेऊन वळल्यासुद्धा.

“थांबा!” अर्डिसबाईंचा आवाज इतका मोठा मी कधी ऐकला नव्हता. चर्चमध्येसुद्धा त्या ओठांतल्या ओठांत गात. मान लाल झाली होती. “मी खोटं बोलले. कॉफी हवी आहे. आणि कुत्राही हवा आहे. त्या दिवशीही हवा होता.”

ट्रेव्हिनोबाई माझ्याकडे बघू लागल्या.

“आमच्याकडे तीनदा विचारावं लागतं,” मी म्हणालो.

“अरे देवा!” त्या मटकन खुर्चीत बसल्या. “मग सहा महिन्यांत मी किती जणांना उपाशी ठेवलं असेल!”

हसणं ओसरल्यावर त्यांनी कागद पुढ्यात घेतला. तळमजल्यावरची ती खोली अजून रिकामी होती. लहान, उत्तरेकडची, स्वयंपाकघराला लागून. दुसरं कुटुंब उद्या बघायला येणार होतं. “पण मिसेस ट्वेट, इथला नियम सरळ आहे. कुत्र्याला दिवसातून तीनदा ज्याचं त्यानंच बाहेर न्यायचं. माझी माणसं नेणार नाहीत. मागच्या कुंपणापर्यंत जाऊन परत या. मला बघायचंय.”

अर्डिसबाईंनी नेल्सची दोरी वॉकरच्या दांडीला दोन वेढे देऊन बांधली. मी उठलो, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा बसलो.

दार उघडून त्या बाहेर पडल्या. हिरवळ ओली होती, वॉकरची चाकं रुतत होती. नेल्स पुढे ओढत नव्हता. ऐकू येणारा कान त्यांच्या बाजूला करून तो त्यांच्या पावलानं चालत होता. मध्ये एकदा त्या थांबल्या, दम घेतला, आणि पुन्हा निघाल्या. स्वयंपाकघरातली बाई हात पुसत खिडकीशी आली. पत्ते खेळणारे दोन म्हातारे डाव टाकून काचेला नाक लावून उभे राहिले. ट्रेव्हिनोबाई दारात उभ्या होत्या. अर्डिसबाई कुंपणाच्या अर्ध्यावरही पोचल्या नव्हत्या, तेव्हाच ट्रेव्हिनोबाईंनी कागद दाराच्या चौकटीवर टेकवला आणि त्या खोलीपुढे दोघांची नावं लिहायला लागल्या. मी त्या दोघांच्या पाठी लहान लहान होत जाताना बघत राहिलो.