गाडीत बसून पाहणारे फोरमनकाका

फोरमनकाका कुठलीही गाडी विकत घेण्याआधी तिच्यात पंधरा मिनिटं नुसते बसून राहत. इंजिन बंद, काचा वर, दारं लावलेली. जयपूरच्या मे महिन्यातल्या दुपारीसुद्धा यात सूट नव्हती. आधी पुढे बसायचे, मग मागच्या सीटवर सरकायचे आणि घामाने निथळत बाहेर आले की ‘चालते’ किंवा ‘नको’ यांपैकी एकच शब्द बोलायचे. ‘नको’ का, असं विचारलं तर म्हणत, “आता आयकून काय करशीन? नको म्हंजे नको.”

आमची संस्था मदतकार्याची. पूर, दुष्काळ, साथीचे आजार, जिथे रस्ता संपतो तिथून आमचं काम सुरू होतं. कार्यालय दुर्गापुऱ्यात आणि गाड्यांचं आवार चौमूं रस्त्यावर. नव्या गाड्यांसाठी महिनोन्महिने थांबावं लागे, म्हणून आम्ही बहुतेक वापरलेल्याच घेत असू. ती खरेदी माझ्याकडे होती, आणि घेतलेल्या गाड्या धडधाकट ठेवणं काकांकडे. मूळचे अकोल्याचे, रेल्वेत फोरमन होते, बदली होऊन इथे आले आणि निवृत्तीनंतर वैशाली नगरात मुलाकडे राहिले. अख्ख्या आवारात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे मनसोक्त भांडायलाही आम्हीच एकमेकांना उरलो होतो.

मी पुण्याची, आणि कागदावर माझी फार श्रद्धा. माझ्याकडे तपासणीचा एक लांबलचक तक्ता होता. ब्रेक, क्लच, चासी, टायर, सगळ्यांपुढे बरोबरची खूण झाली की गाडी पास. काका तो तक्ता चष्मा पुसून शेवटपर्यंत वाचत आणि परत देत. “तुह्या कागदात गाडीचं सारं हाय. गाडीत कोन होतं, थे नाही.” मी हसायची. वेडगळ म्हातारा म्हणून सोडून द्यावं, तर त्यांच्या हाताखालची गाडी रस्त्यात कधी बंद पडत नसे. बोनेट उघडून “दमली का वं माय?” असं विचारत त्यांचा हात नेमका सैल झालेल्या पट्ट्यावरच जायचा.

मोहिमेवरून परतलेली गाडी काकांनी पाहिल्याशिवाय धुवायची नाही, हा आणखी एक नियम. एकदा आमचे ड्रायव्हर भैरूजी बाडमेरकडून आले. नोंदवहीत फक्त औषधांची खोकी लिहिलेली. काकांनी मागचं दार उघडलं आणि डोक्यावरची टोपी काढली. मग हळूच म्हणाले, “भैरू, पीछे किसको लाया था?”

भैरूजींनी मग सगळं सांगून टाकलं. वाटेत एका आजारी म्हातारीला दवाखान्यात नेत असताना ती गाडीतच गेली होती. मृतदेह नेण्याची आम्हाला परवानगी नाही, म्हणून तिला गुपचूप तिच्या ढाणीवर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, पोचवून ते परतले होते. सीट स्वच्छ होती, वास कसलाच नव्हता. काकांना कळलं कसं, ते मी विचारलं. “अजून दबलेली हाय न सीट,” ते म्हणाले. मी हात फिरवून पाहिला. मला ती इतर सीटांसारखीच लागली, पण हात मात्र मी चटकन मागे घेतला.

मग तो पावसाळा आला. हाडौती भागात नद्या फुगल्या, गावं तुटली आणि दोन दिवसांत आणखी तीन गाड्या पाहिजेत असा निरोप आला. आम्ही एका व्यापाऱ्याच्या आवारात गेलो. पहिल्या दोन गाड्यांना काकांनी ‘चालते’ म्हटलं. तिसरी पांढरी जीप, तिघींत उजवी. माझ्या तक्त्यात एकही फुली नव्हती. काका आत बसले आणि दोनच मिनिटांत बाहेर आले. घाम नव्हता. हातावर काटा उभा होता.

“नको.”

“का पण?” मी वैतागून विचारलं. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी कारण सांगितलं.

“आत जागा नाही.”

जीपच्या सगळ्या सीटा आमच्यासमोर रिकाम्या होत्या. माझं डोकं फिरलं. “काका, तिकडे माणसं छपरावर बसली आहेत आणि तुम्हाला हे सुचतंय?” मी सही केली. ते रागावले नाहीत, उलट किल्ली मागून घेतली. “सही केली न? मंग मीच जातो हिच्यासंगं.” गुडघ्यांमुळे ते मोहिमेवर कधी जात नसत. मी चिडवलं, “आता हो? जागा नाही म्हणालात ना?” खिशात किल्ली टाकत ते म्हणाले, “एकाची होईन.” मी हसले. ते हसणं अजून मला माझ्याच कानांत ऐकू येतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बातमी आली. ओढ्यापलीकडच्या गावात शाळेत ठेवलेले पूरग्रस्त तापाने फणफणले होते आणि त्या ओढ्यावरचा बसका पूल पाण्याखाली होता. पाणी वीतभरच होतं. पुढचा ट्रॅक्टर सहज पार होऊन परतही आला होता. तरी काकांनी सोबत आलेल्या भैरूजींना आणि नर्सबाईंना खाली उतरवलं, औषधांची खोकीही उतरवली. आधी रिकामी गाडी नेतो, खोकी मागून ट्रॅक्टरवर आणा, असं म्हणून स्वतः स्टिअरिंगवर बसले. मध्यावर इंजिन बंद पडलं. काठावरून दोघं हाका मारत राहिले, पण काकांनी दार उघडून पाहिलंसुद्धा नाही. वरून लोंढा आला आणि जीप दिसेनाशी झाली. औषधं संध्याकाळी ट्रॅक्टरने पोचली.

जीप दोन दिवसांनी सापडली. काका आतच होते. ती आवारात आणून वाळवली, तेल बदललं, आणि मेकॅनिकने किल्ली फिरवताच पहिल्या फटक्यात सुरू झाली. दोष काहीच नाही, असा त्याने अहवाल दिला. तिथे उभ्या असलेल्या कुणालाच बराच वेळ ती बंद करायला हात पुढे करवेना.

चौकशीत मी जे झालं तेच लिहून दिलं: फोरमननी नको म्हटलं होतं, घाई माझी, सही माझी. माझा काकांवर जीव होता आणि मीच त्यांना त्या गाडीत बसवलं, हे मात्र लिहायला त्या कागदावर जागा नव्हती. मी लिहीत होते तेव्हा भैरूजी येऊन टेबलापाशी उभे राहिले.

“मैडमजी, काका ने आपके लिए बोला था. मैडम से कहना, गाड़ी में कोई खराबी नहीं थी. गलती मुझसे हुई.”

मला रडू फुटलं. पाण्यात अडकल्यावर, त्या शेवटच्या घटकेलाही, माणसाला माझी काळजी पडली होती. मी विचारलं, पाण्याच्या एवढ्या आवाजात तुम्हाला ते ऐकू तरी कसं आलं?

भैरूजी माझ्याकडे न बघता म्हणाले, “पानी में नहीं, मैडमजी. हमें उतारते टैम बोला था. तब तो उन्होंने चाबी भी नहीं घुमाई थी.”