काकांची मूठ

हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही. माझ्या पुस्तकाचे कौतुक करणाऱ्यांना तर मुळीच नाही. मी मेंदूचा अभ्यास करते आणि मेंदूचे आजार जडलेल्या माणसांच्या कथा लिहिते. पुराव्यावाचून विधान करायचे नाही, हा माझा बाणा—आणि तरीही.

माझी सर्वांत गाजलेली कथा भिलाईतल्या आमच्या शेजारच्या काकांची आहे. पोलाद कारखान्यात क्रेनखाली उभे राहून त्यांनी आयुष्यभर हाताने इशारे केले. त्या गदारोळात शब्द ऐकू येणार कसे? बोट वर करून फिरवले की उचल, मूठ आवळली की थांब. मग पक्षाघाताने त्यांची वाचा गेली. डावा हात तेवढा सारखा हलत असे. माझ्या कथेतली तरुण डॉक्टर ती हालचाल पाहते, इशारे ओळखते आणि रडत बसलेल्या बायकोला नवऱ्याची भाषा शिकवते. वाचकांचे डोळे पाणावतात.

प्रत्यक्षात काय झाले? मी तो हात पाहिला आणि—किती आत्मविश्वासाने!—काकूंना सांगितले, की ही अनैच्छिक हालचाल आहे, लक्ष देऊ नका. काकू खो खो हसत सुटल्या.

"अवं पोरी, उशी वर कर म्हणून राहिले ते! जेवताना बी असंच. बोट फिरवलं का भात वाढ, मूठ केली का बस."

त्यांनी उशी उचलली. काकांनी मूठ आवळली—माझ्याकडे बघत, अगदी मिश्कीलपणे.

रडणारे तिथे कुणीच नव्हते. हसे झाले ते माझे. ते मला सोसले नाही; म्हणून कथेत शोध मी स्वतःकडे घेतला आणि अज्ञान काकूंच्या पदरात टाकले. पुढे मुलाखतींतही तेच सांगितले—स्वतःचा अनुभव म्हणून.

काकूंनी ते पुस्तक कारखान्याच्या वसाहतीत, अख्ख्या सेक्टरात मिरवले. मग एकदा चहा देता देता म्हणाल्या, "तुह्या गोष्टीतली डॉक्टरीण मस्त हुशार हाये. पण ते बायको जरा मठ्ठच दाखवली, नाही का वं?"

"गोष्ट हाये ना, काकू," मी हसून म्हणाले. "मनानंच रचली सारी."

पलंगावर काकांची मूठ आवळली गेली. तिथे कुणी काही वाढत नव्हते, काही उचलत नव्हते. फक्त मी बोलत होते.

तो इशारा मला लगेच कळला. मी बोलतच राहिले.