आडवी लावलेली काच

उल्हासनगरच्या कॉलेजात मी पीएचडी करत होते, तेव्हा माझं काम पाण्यावरच्या एका निळ्या थराचं होतं. त्या रंगाचे रेणू चकतीसारखे असतात. आमच्या चकत्यांच्या एका कडेला पाणी आवडणारी शेपटी जोडलेली होती, बाकीचा भाग पाण्यापासून लांब राहणारा. ते पाण्यावर पसरायचे, कडेने हळूहळू दाबत आणायचे, मग काच उभी बुडवून वर काढली की थर काचेवर येतो. पप्पा आनंदनगरला रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर होते. आमच्याकडे हा निळा पोत्यांनी भरतात, तुला चिमूटभर वर्षभर पुरतो, असं ते म्हणायचे.

चकत्या काचेवर आडव्या पडलेल्या असतात, असं मी सेमिनारमध्ये सांगून बसले होते. माझ्या गाइड मॅडमनाही ते पटलं होतं. एकेका रेणूला पाण्यावर आडव्या चकतीच्या मानाने जागा फारच कमी लागत होती. पण काही रेणू एकमेकांवर चढले असतील म्हणून तो आकडा आम्ही बाजूला ठेवला होता. पप्पांनी साहेबांकडे शब्द टाकून कारखान्याच्या लॅबमधली नोकरीची जागा माझ्यासाठी धरून ठेवली होती. जूनपर्यंत प्रबंध जमा करायचा, एवढीच अट.

मार्चमध्ये एका काचेचा खालचा तुकडा माझ्या हातून उडाला. थर किती प्रकाश शोषतो ते मोजायच्या यंत्रात ती उभी बसेना, म्हणून पाव फेरा फिरवून आडवी लावली. त्या यंत्रातून एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश यायचा. आडव्या काचेने तो एरवीपेक्षा बराच जास्त शोषला. मी धड असलेल्या दोन काचा आडव्या लावून पाहिल्या. तेच. चकत्या आडव्या पडलेल्या असत्या, तर काच फिरवून फरक पडायला नको होता. त्या कडेवर उभ्या होत्या, एकीमागे एक, काच ओढली त्या दिशेने रांगा लावून. जागा कमी का लागते, तेही कळलं.

दोन दिवस मी गप्प राहिले. परीक्षकाच्या ते लक्षात आलं नसतं. तिसऱ्या दिवशी मॅडमना आलेख दाखवले.

"उद्या माझ्यासमोर कर," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः काच फिरवली. मग तीन प्रकरणं नव्याने लिहावी लागतील, असं शांतपणे सांगितलं.

मांजर्लीला घरी आल्यावर पप्पांना सांगितलं. खोटं लिहिलं होतंस का, असं त्यांनी विचारलं. नाही, चुकीचं लिहिलं होतं, मी म्हटलं.

"मग दुरुस्त कर. साहेबांना मी सांगतो."

त्यानंतर आठवडाभर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

ती जागा अंबरनाथच्या एका मुलीला मिळाली. माझा प्रबंध वर्षभराने जमा झाला. पुढच्या सेमिनारमध्ये मॅडमनी आधी स्वतःची चूक सांगितली, मग मला बोलायला उभं केलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी लोक आले होते.