पाटावर मावेना असा समुद्र

माझ्या व्याह्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं आहेत. एक, ज्यांची मोठी आवृत्ती निघायला हवी; आणि दुसरी, ज्यांची आहे तीच जरा मोठी झाली. आमदारापासून आमच्या गोठ्यातल्या म्हशीपर्यंत सगळ्यांना त्यांनी या दोन टोपल्यांत टाकलेलं आहे. मी पहिल्या टोपलीत आहे असं ते म्हणतात, पण ते माझ्या हातच्या पिठल्यामुळे, हे मला माहीत आहे. आमची म्हैसही त्याच टोपलीत आहे, त्यामुळे मी फार फुगून जात नाही.

हे गृहस्थ मूळचे घोटीचे. भाताच्या गिरणीत जन्म गेला. वयाने माझ्याएवढेच, म्हणजे केस गेले आणि दात जायला लागले. आणि छंद कॉमिकचा. पोरांना मिसरूड फुटली की ती जे रद्दीत देतात, ते यांनी आपलं टाकलं नाहीच, उलट दुसऱ्यांनी टाकलेलंही उचलून घरी आणलं. हल्ली जुन्या कॉमिकांची मोठी पुस्तकं निघतात. सगळे अंक एकत्र बांधलेले, जाड कागद, कापडी पुठ्ठा, वरून खोका, आणि पान एवढं रुंद की मांडीवर ठेवलं तर मांडी कमी पडते. कुठल्या मालिकेला असा मान मिळावा आणि कुठल्या नाही, यावर हा माणूस जेवणखाण सोडून बोलू शकतो. आमच्या चुलतसासऱ्यांच्या दहाव्याला आम्ही सगळे रामकुंडावर कावळ्याची वाट बघत उभे होतो. कावळा काही शिवेना. कोणी म्हणे शेताची इच्छा राहिली, कोणी म्हणे नातवाच्या लग्नाची. तेवढ्यात हे शेजारच्या माणसाला हलक्या आवाजात समजावून सांगत होते की चंद्राची गोष्ट लहान पानावर छापणं हा चंद्राचा अपमान आहे. तो माणूस पिंडाकडे बघावं की यांच्याकडे, या विचारात पडला. कावळा शेवटी आला. मला वाटतं, तोही ऐकायलाच आला असावा.

आमची ओळख झाली तीच तशी. माझ्या मुलीची बैठक होती, आमच्या मखमलाबादच्या घरी. सतरंजीवर दोन्हीकडची मोठी माणसं बसलेली, पोहे झालेले, आणि आमच्या दिरांनी घसा साफ करून विचारलं की तुमची काही अपेक्षा असेल तर मोकळेपणाने सांगा. व्याही आढ्याकडे बघत होते. मला वाटलं, मोठा आकडा जुळवतायत. ते म्हणाले, "ते माळ्यावर सुतळीने बांधलेलं काय आहे?" झेंडूच्या बियाण्याच्या पोत्यामागे माझ्या थोरल्या मुलाच्या कॉमिकांचा गठ्ठा होता. मी म्हटलं, रद्दी आहे. हा शब्द त्यांना लागला. ते उठले, नवा पांढरा सदरा घालून शिडी चढले आणि माळ्यावर दिसेनासे झाले. खाली त्यांची बायको, म्हणजे माझी विहीण, कपाळाला हात लावून बसली. वरून जाळी-जळमटं पडत होती आणि पानं उलटल्याचा आवाज येत होता. बऱ्याच वेळाने वरूनच आवाज आला, "लग्न जमलं." पुढे ना मानपान, ना अंगठी, ना पोशाख. गठ्ठा बगलेत मारून ते गेले. मुलगी अजून म्हणते, सासऱ्यांनी मला नीट बघितलं ते थेट अक्षता टाकताना.

त्या गठ्ठ्यात काय होतं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. "दर्याचा हंबीर" नावाची एक मालिका होती. एक खलाशी, एक होडी आणि सगळीकडे पाणी. ती छापणारी कंपनी मधेच बंद पडली, आणि शेवटचा अंक फार कमी लोकांच्या हाती लागला. व्याह्यांकडे बाकी सगळे अंक होते, तेवढा एक नव्हता. तो आमच्या माळ्यावर निघाला. त्यात हंबीरची होडी वादळात सापडते आणि खाली लिहिलेलं आहे, पुढील अंकी पाहा. पुढचा अंक निघालाच नाही.

मला ते पुस्तक घरातून गेल्याचं वाईट वाटलं नाही. माझा थोरला ते वाचूनच बिघडला. फुलं पिकवणाऱ्याचं पोर; त्याने बांधावर बसून शेवंतीला पाणी धरायचं सोडून हंबीर वाचला आणि दहावी झाल्यावर म्हणाला, मी बोटीवर जाणार. गेला. आता कुठल्यातरी मोठ्या जहाजाच्या इंजिनात असतो. वर्षातले बरेच महिने पाण्यावर, फोन लागला तर लागला. शेत धाकट्याने आणि मी ओढलं. तेव्हा ती कॉमिकं कोणी मागितली, तर मी म्हटलं, न्या बाबा, पीडा गेली.

व्याह्यांनी मात्र त्या पीडेची देवासारखी बडदास्त ठेवली. घोटीचा पाऊस तुम्हाला माहीत असेल. तिथे जूनमध्ये वाळत घातलेला कपडा दसऱ्याला वाळतो. तिथे यांनी तांदळाच्या पत्र्याच्या कोठ्या रिकाम्या करून त्यात कॉमिकं ठेवली. वर कडुनिंबाचा पाला, मधे वेखंड. त्यामुळे त्यांचं कुठलंही कॉमिक उघडलं की आधी इंद्रायणी तांदळाचा वास येतो आणि मला भूक लागते. हात धुऊन, पुसून, पंख्याखाली वाळवल्याशिवाय पानाला बोट लावायचं नाही. चहाचा कप कॉमिकपासून दोन हात लांब. एकदा वाऱ्याने गिरणीचे पत्रे उडाले, तर हे ताडपत्री घेऊन धावले ते कोठ्यांकडे. विहीण सांगते, "भात भिजला, मी भिजले, यांचा हंबीर कोरडा."

आता कोणाची मोठी आवृत्ती निघावी, याबद्दल त्यांचे नियम ऐका. मी चौथी शिकलेली, पण मला ते पटतात. "चंद्रावरची चावडी" म्हणून एक मालिका आहे, त्यात एक अख्खं गाव चंद्रावर जाऊन तिथेही भांडत बसतं. तिची मोठी आवृत्ती हवी, कारण माणसं चिमुकली आणि आभाळ अफाट दिसल्याशिवाय त्या भांडणाचं हसू येत नाही. "काळ्या छत्रीचा गुप्तहेर" याची नको. "सगळं अंधारातच घडतं," ते म्हणतात, "मोठा अंधार घेऊन करायचाय काय?" मला स्वतःला "आत्याबाईचं मुसळ" आवडतं. एक म्हातारी चोरांना मुसळाने बडवते. सोपं आहे, आणि खरंही वाटतं. तिची मोठी आवृत्ती काढा, असं मी एकदा म्हटलं, तर त्यांनी मान हलवली. म्हणाले, विनोद खिशात मावेल एवढाच बरा, मोठा केला की त्याचं भाषण होतं. मी त्या दिवशी त्यांना दुसऱ्यांदा पिठलं वाढलं नाही.

पण पहिला मान हंबीरचा, यावर ते कधी हलले नाहीत. नाशकात त्यांच्यासारखे आणखी काही वेडे रविवारी जमतात. ते म्हणायचे, हंबीर अर्धवट आहे, अर्धवट गोष्टीला एवढा थाट कशाला. व्याही म्हणायचे, माणसाला शाल देताना तो किती जगला हे बघत नाहीत, कसा जगला ते बघतात. आणि एक गोष्ट ते नेहमी सांगायचे. चित्रकाराने हंबीरचा समुद्र पाटाएवढ्या कागदावर काढला होता. छापताना त्याचा तळहाताएवढा केला. म्हणजे मोठी आवृत्ती हे उपकार नव्हेत. ज्याचं होतं ते त्याला परत देणं आहे.

मागच्या वर्षी पुण्याचा एक प्रकाशक खरंच तयार झाला. चित्रकाराच्या घरच्यांनी परवानगी दिली, पण मूळ चित्रं उरली नव्हती. अंकांवरूनच नवी छपाई करायची होती, आणि सगळे अंक एकाच माणसाकडे होते. फक्त एक अडचण होती. पान यंत्राखाली सपाट पडायला हवं, त्यासाठी टाचण्या काढून अंक पाठीवर कापावे लागणार होते. कापलेला अंक म्हणजे सुटी पानं. पुन्हा अंक होत नाही. सगळ्यांना वाटलं, ज्याने हात धुतल्याशिवाय कोणाला शिवू दिलं नाही, तो आता कापू देतोय थोडाच. तर त्यांनी एक रात्र विचार केला आणि एकेक अंक प्रकाशकाच्या माणसाच्या हाती दिला. तो माणूस म्हणाला, आम्ही नवीन चित्रकाराकडून शेवट करून घेतो, हंबीर किनाऱ्याला लागलेला दाखवतो. व्याही म्हणाले, "तो कुठे लागला ते तुम्हाला ठाऊक आहे का? मग राहू द्या."

शेवटचा अंक तेवढा त्यांनी दिला नाही.

पुढच्या रविवारी माझ्या दारात गाडी थांबली. व्याही, विहीण, जावई, माझी लेक, सगळे चांगले कपडे घालून. विहिणीच्या हातात ताट, ताटात नारळ आणि खण. मी झेंडूच्या जाळ्या भरत होते, हात पिवळे. मला वाटलं, कोणाचं लग्न काढलं यांनी. व्याही सतरंजीवर बसले, घसा साफ केला आणि म्हणाले, "विहीणबाई, मागणी घालायला आलोय."

"कोणाला?"

त्यांनी रुमालातून तो अंक काढून माझ्यापुढे ठेवला. पहिल्या पानावर थोरल्याने लहानपणी शाईने आपलं नाव गिरवलं होतं, इयत्ता, तुकडी, सगळं. मला आठवतही नव्हतं.

मी म्हटलं, "इवाई, त्या वेळी दिलं ते दिलं. आता मला काय विचारताय?"

"दिलेली वस्तू आणि दिलेली लेक यात फरक असतो. लेक दिली तरी काही करायचं झालं की माहेरी विचारतात. हा कापावा लागणार आहे. तुम्ही नाही म्हणालात तर नाही. मग पुस्तक निघायचं नाही, ते मी बघून घेईन."

ज्या माणसाने या एका पुस्तकाची वाट आयुष्यभर बघितली, तो ते माझ्या हो-नाहीवर ठेवून हात जोडून बसला होता. जावई खाली बघत होता. लेक माझ्याकडे बघत होती. मी तो अंक उचलला, हात धुतले नव्हते तरी ते काही बोलले नाहीत. होडी अंगठ्याएवढी होती. मी विचारलं, "लय दुखल का हो कापताना?"

"मला दुखेल," ते म्हणाले. "तुमचं तुम्ही सांगा."

ज्या पुस्तकाने माझं पोर नेलं ते कापायची संधी मला आधी कोणी दिली असती, तर मी विळी घेऊन बसले असते. आता मात्र हाताला सोडवेना. मग मी उठले, आत गेले, डब्यातली साखर आणली आणि त्यांच्या हातावर ठेवली. बैठकीत साखर दिली की बोलणं संपतं. विहिणीने मला खण दिला, नारळ दिला, आणि कानाशी म्हणाली, "माझ्या लग्नात एवढे हळवे झाले नव्हते हो."

पुस्तक आलं तेव्हा व्याही ते पोथीसारखं लाल कापडात बांधून, रिक्षात मांडीवर घेऊन आले. खरं तर मांड्या त्यांच्या, पण कोपरे रिक्षावाल्याच्या पाठीला लागत होते. पहिली प्रत त्यांनी स्वतःच्या घरी नेली नाही, माझ्याकडे आणली. कपाटात मावेना. फळीवर मावेना. मी जेवायचा पाट मांडला, तर पाटाच्याही चारी बाजूंनी बाहेर आलं. त्यांनी हात धुतले, मला धुवायला लावले, आणि उघडलं.

मुंबईचा समुद्र मी पाहिलाय, पण काठावरून, भेळ खाताना. मधोमध कसा असतो ते मला कोणी दाखवलं नव्हतं. मी आपलं समजत होते, गंगापूरच्या धरणाएवढं पाणी असेल, जरा जास्त. त्या दोन पानांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणीच होतं, आणि त्यात एक होडी. कडेला काहीच नाही, ना झाड, ना दिवा. मी बराच वेळ बघत बसले. व्याही एक शब्द बोलले नाहीत, हे मी त्यांना ओळखते तेव्हापासून पहिल्यांदाच. शेवटी मी म्हटलं, "एवढं असतं का?" ते म्हणाले, "एवढं असतं. म्हणून म्हणत होतो."

तेव्हापासून ते मधूनमधून येतात. एका बैठकीला एकच अंक, असा त्यांचा नियम आहे. जास्त वाचलं तर अपचन होतं म्हणे. त्यांची नजर आता कमी झालीय. मोठं अक्षरही नाक लावून वाचतात, आणि जिथे लागत नाही तिथे मी वाचते, चौथीच्या आवाजात. वाचून झालं की पिठलं-भाकरी. हंबीर मला अजून फारसा आवडत नाही. डोक्याने हलका आहे, आईला कधी निरोप धाडत नाही. पण समुद्र बघून झालाय, त्यामुळे निरोप का येत नाही ते थोडं कळतं.

परवा ते आले, हात धुतले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "विहीणबाई, आज शेवटचा अंक. उघडू?"

बाहेर झेंडू तोडायला आला होता. थोरल्याचा फोन येऊन गेला होता, दिवाळीला सुटी मिळेल, नक्की नाही पण मिळेल.

मी म्हटलं, "राहू द्या. तो आला की उघडू."

मला वाटलं, आता नियम सांगतील, वाद घालतील. त्यांनी लाल कापडाची चारी टोकं गोळा केली, पुस्तक पाटासकट बांधलं आणि वर गाठ मारली. निरगाठ नाही, सुरगाठ. ओढली की सुटेल अशी.