निळी-पिवळी गोधडी

कांद्याच्या चाळीचे पत्रे बसवताना पाय घसरला आणि मी प्लास्टर घालून ओतूरच्या घरात पडून राहिलो. बायको आळीतल्या बायकांचे ब्लाउज शिवते. उरलेले तुकडे ती कधी टाकत नाही. खाटेखाली पोती भरलेली. आमची मुलगी घाटघरला दिलीय. तिकडे थंडी फार, म्हणून तिच्यासाठी गोधडी करायचं बायकोच्या मनात होतं, पण लग्नसराईची कामं अंगावर आलेली. शेवटी एक पोतं माझ्यापुढे ओतून ती म्हणाली, "बसल्या बसल्या रंग तरी वेगळे करा."

मी केले. ढीग बघून तिनं कपाळावर हात मारला. "अहो, लाल नि हिरवं सगळं एकात कालवलंय की!"

मला लाल-हिरव्यातला फरक जन्मापासून कळत नाही. टोमॅटोच्या तोडणीला गेलो की माझ्या क्रेटमध्ये निम्मे कच्चे. मग वडील क्रेट काढून घ्यायचे आणि भावकी पोट धरून हसायची. अजूनही हसते. पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे, मला ते हसण्यावारी नेता येईना.

"निळा नि पिवळा मला झकास दिसतो," मी म्हणालो. "त्या दोनच रंगांची गोधडी करू. आणि मीच शिवणार."

"तुम्ही? आणि दोन रंगांची गोधडी कुणी बघितलीय का?"

"तू सुई ओवून दे."

तिनं दिली. सुती तुकडे निवडून मी चौकोन कापले आणि जुन्या साडीच्या घडीवर एकाआड एक मांडले. कडेपासून आत धावदोरा घालत निघालो. सुरुवातीला बोटांना सुई टोचली, टाके वाकडे गेले. उसवून पुन्हा घातले.

एकदा शेजारी डोकावला. "काय राव, बाईमाणसाचं काम धरलं का?"

गोधडी चादरीखाली ढकलावी असं वाटलं. पण म्हणालो, "बस. ते टोक ताणून धर." चहा होईपर्यंत त्यानं ते धरून ठेवलं.

पाय बरा झाल्यावर आम्ही दोघं घाटघरला गेलो. आमच्या विहीणबाई गोधडीच्या कामात पंचक्रोशीत नावाजलेल्या. त्यांनी अंगणात गोधडी पसरली आणि आधी उलटी करून पाहिली.

"उलट्या बाजूनं बी टाका सारखाच हाय. लई हात बसलाय तुमचा, ताई."

"माझा नाही," बायको म्हणाली. तिचा आवाज कौतुकानं चढला होता. "ह्यांनी शिवलीय. मी नुसती सुई ओवली."

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "दोनच रंग घ्यायचं कसं सुचलं, पावणं?"

"मला लाल-हिरवं कळत नाही. हे दोन भरवशाचे."

त्या हसल्या नाहीत. "पर काय उठून दिसतंय!" म्हणाल्या आणि कुडापलीकडच्या शेजारणींना हाक मारली, "या गं, पावण्यांनी शिवलेली गोधडी बघा!"

बायका आल्या, टाक्यांवरून बोटं फिरवू लागल्या. मुलगी दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा नुसता फुलला होता. तेवढ्यात विहीणबाईंनी घरातून आपलं चिंध्यांचं बोचकं आणून माझ्यापुढे सोडलं.

"मला बी असंच लावून द्या."

मी मांडी घातली आणि त्या ढिगातून कुणाला रंग न विचारता एकेक निळा तुकडा वेगळा काढायला लागलो.